त्यांची ओळख भांडवल, आमची ओळख अडचण?

गळ्यात अडकवायचं कार्ड आणि एक मार्कर आमच्या हातात दिला गेला. टेबलापलीकडची मुलगी हसून म्हणाली, "नाव लिहा." आम्ही चौघं होतो. एम. ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. एक यवतमाळचा, एक लातूरचा, एक सोलापूरचा आणि एक मुंबईच्या चाळीत वाढलेला. आपसात काहीही न बोलता चौघांनी एकच गोष्ट केली. कार्डावर फक्त पहिलं नाव लिहिलं. आडनावाची जागा मोकळी सोडली.

आमच्यासोबत परभणीकडची एक ज्युनिअर होती. तिने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासह, ठळक अक्षरांत. आमच्या कार्डांकडे तिने एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

हा कार्यक्रम मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजात होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी करिअर आणि नेटवर्किंग. सकाळी पॅनेल चर्चा, दुपारी सीव्ही कसा लिहावा याचं सत्र आणि संध्याकाळी चहापानासोबत 'मोकळा संवाद'. नोंदणी फी पाचशे रुपये. आमच्यातल्या दोघांनी मेसच्या पैशातून ती भरली होती. पोशाख 'बिझनेस फॉर्मल' असावा अशी सूचना होती, म्हणून एक कोट दोघांत वाटून घेतला होता. सकाळच्या सत्रात एकाने घातला, संध्याकाळी दुसऱ्याने. आज हे सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी आलं नव्हतं.

व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं: तुमच्या ओळखी हीच तुमची संपत्ती आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कारण आमच्या वस्त्यांमध्ये 'ओळख' या शब्दाचा पहिला अर्थ वेगळा आहे. आमच्याकडे ओळख पटते, मग घरमालक म्हणतो, खोली कालच गेली. ज्या शब्दाला ते भांडवल म्हणतात, त्याच शब्दापायी आम्ही कार्डावरची अर्धी जागा मोकळी सोडली होती.

चहाच्या टेबलाभोवती काय घडलं

खरा कार्यक्रम संध्याकाळीच होता, हे आम्हाला उशिरा समजलं. सकाळी व्यासपीठावरून जे सांगितलं गेलं ते कुठल्याही वेबसाइटवर मिळतं. संध्याकाळी हातात कप घेऊन जे बोललं जात होतं ते कुठेच मिळत नाही. कुठल्या संशोधन संस्थेत पुढच्या महिन्यात सहायकाची जागा निघणार आहे, कुठल्या प्राध्यापकाला डेटावर काम करणारी मुलं हवी आहेत, कुठल्या सल्लागार कंपनीत ओळखीतून सीव्ही पाठवला तर तो वाचला जातो. तिथल्या मुलांना हे सहज मिळत होतं. कुणाचा मामा पाहुण्यांच्या बॅचचा होता, कुणाची शाळा एक होती, कुणाचं गाव एक होतं. बोलण्याची सुरुवात शोधावी लागत नव्हती. ती घरूनच आलेली होती.

आम्ही चौघं बराच वेळ समोशांच्या टेबलापाशी उभे राहिलो आणि एकमेकांशीच बोललो. पाचशे रुपये भरून गेलो ते आपल्याच हॉस्टेलच्या पोरांशी नेटवर्किंग करायला!

आमची ज्युनिअर मात्र थेट एका पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली. मोठ्या कंपनीतला माणूस, बोलायला सभ्य. तिने स्वतःची ओळख करून दिली. त्याने कार्ड वाचलं आणि विचारलं, "हे आडनाव कुठलं म्हणायचं?" तिने जिल्हा सांगितला. मग वडील काय करतात, हा प्रश्न आला. ती म्हणाली, "शेतमजुरी करतात." मग तो, अगदी मनापासून सल्ला दिल्यासारखा, म्हणाला, "तुम्ही यूपीएससी का नाही करत? तुम्हाला तिथे सोपं जाईल. इकडे स्पर्धा फार आहे."

शिवी नाही, अपमान नाही, आवाजही चढवलेला नाही. दोन प्रश्न आणि एक सल्ला, आणि दार बंद. तिने अर्थमितीत किती गुण मिळवले, प्रबंधाचा विषय कोणता, सांख्यिकीचं कुठलं सॉफ्टवेअर येतं, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. जे विचारलं त्याचा अर्थशास्त्राशी संबंध नव्हता.

परतीच्या लोकलमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. आमच्यातला एक म्हणाला, "आडनाव लिहायला नको होतंस." तिने उत्तर दिलं, "दादा, मी आडनाव लिहिलं म्हणून मला काही मिळालं नाही. तुम्ही लिहिलं नाही, तुम्हाला काय मिळालं?"

दादरपर्यंत आमच्यापैकी कुणाकडेही याचं उत्तर नव्हतं. हा लेख तेच उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

'हे आपलं काम नाही' असं म्हणण्याआधी

त्या रात्री हॉस्टेलवर वाद झाला. एक मत असं होतं की हे सगळं भांडवली आणि ब्राह्मणी नाटक आहे. ओळखी वाढवणं म्हणजे हुजरेगिरी. आपण अभ्यास करावा, एमपीएससी काढावी, कुणाच्या दारात जाऊ नये. चळवळीत हे मत बरंच चालतं आणि त्यामागचा स्वाभिमान खरा आहे. पण बाबासाहेबांचं विद्यार्थीदशेतलं आयुष्य समोर ठेवलं की हे मत टिकत नाही.

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून रोज आठवतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून क्वचित. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्याआधीपासून चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे एका शिक्षकाचं लक्ष गेलं होतं. ते कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी. ना नात्यातले, ना वस्तीतले. याच केळुस्कर गुरुजींमुळे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचा रस्ता खुला झाला. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन त्यांचे गुरू झाले. तिथेच नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. पुढे १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करायला लंडनला जाताना स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते निघाले. सिडनहॅम कॉलेजात १९१८ मध्ये त्यांना प्राध्यापकी मिळाली त्यातही मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख कामी आली, असं चरित्रकार सांगतात.

मग बाबासाहेब हुजरेगिरी करत होते का? याचं उत्तर त्यांच्याच ग्रंथात आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना आहे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी बाबासाहेबांशी असलेले आपले मतभेद स्पष्ट नोंदवले आहेत आणि तरीही त्यांच्या मांडणीच्या ताकदीचं कौतुक केलं आहे. आपल्या गुरूला न पटणारी गोष्ट त्याच्यासमोर मांडायची आणि प्रस्तावनाही त्याच्याकडूनच घ्यायची, याला लाचारी म्हणत नाहीत. ही बरोबरीच्या नात्याची ओळख आहे. ती अभ्यासाच्या जोरावर मिळवलेली आहे.

म्हणून वशिला आणि ओळख यात आपण फरक केला पाहिजे. वशिला म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची जागा मागच्या दाराने घेणं. ओळख म्हणजे दार कुठे आहे हे कळणं. दार कळल्यावर आत जायचं ते आपल्या पायांनीच.

आणि याच आयुष्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार त्या काळच्या मुंबईत किती होते? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक यायचं थांबलं. सिडनहॅममध्ये विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करत, पण काही सहकारी प्राध्यापकांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला चालत नव्हता.

ज्या क्षेत्रात आमच्या ज्युनिअरला 'इकडे स्पर्धा फार आहे' असं सांगितलं गेलं, त्याच क्षेत्रात शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांचं दुकान बंद पाडलं गेलं होतं. स्पर्धेने नाही, आडनावाने.

आमच्याच विषयाने जमवलेला पुरावा

कुणी म्हणेल, हे जुने किस्से झाले, आता गुणवत्ता बघतात. मग अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र काय सांगतात ते बघू.

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'दुबळ्या धाग्यांची ताकद' मांडली. नोकरीची बातमी बहुतेकदा जिवलगांकडून येत नाही, लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून येते. कारण साधं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नवी बातमी आपल्या वर्तुळाबाहेरूनच येते.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमची वस्ती आठवली. आमच्याकडे घट्ट धाग्यांची कमी नाही. मयतीला शंभर माणसं उभी राहतात, दवाखान्यात रक्त द्यायला रांग लागते. पण शंभरच्या शंभर माणसांना एकाच भरतीची जाहिरात माहीत असते. पोलीस, तलाठी, एमपीएससी, रेल्वे. वस्तीतल्या एकालाही रिझर्व्ह बँकेत अर्थशास्त्रज्ञांची वेगळी भरती होते हे माहीत नसतं. यात त्याचा दोष नाही. त्याच्या वर्तुळात ती बातमी फिरतच नाही.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्या दादरचा आहे. मुंबईतल्या जुन्या कामगार व्यवसायांत जातींची जाळी होती. त्या जाळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना काम मिळवून दिलं. पण बाजार बदलून इंग्रजीला भाव आला तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलग्यांना याच जाळ्यांनी मराठी माध्यमाकडे आणि जुन्या कामांकडे ओढून ठेवलं. मुलींना अशी जाळी नव्हती, म्हणून त्या नव्या संधीकडे जास्त वळल्या. याचा अर्थ असा की जाळं आधार देतं तसं बांधूनही ठेवतं. सरकारी नोकरीच्या वाटेने आपल्या दोन पिढ्या वर आल्या, हे सत्य आहे आणि त्याचा अभिमान आहे. पण कायम पदं आटत असताना, कंत्राटी भरती वाढत असताना आपण त्याच एका वाटेवर गर्दी करत राहिलो तर तीच वाट आपल्याला बांधून ठेवेल.

आणि गुणवत्तेबद्दल म्हणाल तर २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं शक्यता-प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघालं, मुस्लिम नावाचं सुमारे एक तृतीयांश. तिथे चहा नव्हता, संवाद नव्हता, चेहरा नव्हता. फक्त कागद होता. त्याच काळात अश्विनी देशपांडे आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांमधून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. शिक्षण सारखं असूनही दलित विद्यार्थ्यांच्या अपेक्षा कमी होत्या, भरवसा सरकारी नोकरीवर होता आणि मुलाखतीत त्यांना घरची पार्श्वभूमी विचारली जात होती. 'वडील काय करतात' हा प्रश्न आमच्या ज्युनिअरला पहिल्यांदा विचारला गेलेला नाही.

हे वरपर्यंत कसं पोचतं तेही मोजलेलं आहे. देशातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे होते. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. जे लोक आम्हाला नेटवर्किंग शिकवायला येतात त्यांनी ते कुठल्या शिबिरात शिकलेलं नाही. जात हेच या देशातलं सगळ्यात जुनं नेटवर्क आहे. त्याची सदस्यता जन्माने मिळते आणि नंतर तिला गुणवत्ता असं नाव दिलं जातं.

आता आमच्या घरातलं

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. दोष समोरच्याचा होता. पुढचं लिहायला आम्हाला जास्त वेळ लागला.

त्या कार्यक्रमानंतर आम्ही ठरवलं, आपणच आपल्या पोरांसाठी करिअर मेळावा घेऊ. एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात घेतला. वर्गणी काढली, मंडप टाकला, बॅनर लावला. बॅनरवर बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा पाहुण्यांचे फोटो जास्त होते. दीपप्रज्वलन, हारतुरे, प्रास्ताविक, मनोगत. सहा वक्ते बोलले, सहाही जणांनी 'शिका' म्हणून सांगितलं. काय शिका, कुठे शिका, अर्ज कधी भरा, हे कुणीच सांगितलं नाही. आमची परभणीची ज्युनिअर प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर घेऊन रात्री नऊपर्यंत बसली होती. तिची फाईल त्या कॉलेजातही कुणी उघडली नव्हती आणि आमच्या मंडपातही कुणी उघडली नाही.

त्या कार्यक्रमाला आणि आमच्या कार्यक्रमाला एकच तराजू लावला तर दोन्ही पारडी सारखी भरतील. त्यांनी तिचं आडनाव वाचून तिला बाजूला केलं. आम्ही तिचं आडनाव आपलं म्हणून घेतलं आणि तरी तिला काही दिलं नाही.

आणखी एक कबुली. आमच्या चौघांपैकी तिघांना पुढच्या दोन वर्षांत नोकऱ्या लागल्या. एक बँकेत, एक राज्य सरकारच्या कार्यालयात, एक खासगी कंपनीत डेटाच्या कामावर. त्यानंतर काही महिने आम्ही ज्युनिअर मुलांचे फोन उचलले नाहीत. काम होतं, थकवा होता, घरचं कर्ज होतं, सगळं खरं. पण आत कुठेतरी हेही होतं की ऑफिसात आत्ता कुठे आपण 'नॉर्मल' झालोय, आता परत ती ओळख नको. खासगी कंपनीतला आमचा मित्र टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवणार होता. आठ महिने तो फोटो बॅगेतच राहिला.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केल्याची खंत बोलून दाखवली होती. आपण हे दरवर्षी ऐकतो आणि प्रत्येक जण ते दुसऱ्या कुणाबद्दल तरी आहे असं समजतो. बॅगेतला तो फोटो पाहिल्यावर आम्हाला कळलं की ते आमच्याबद्दलही आहे.

आम्ही काय बदललं

मेळावा बंद केला. आता महिन्यातून एक रविवार, एका विहाराच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण बसतो. स्टेज नाही, सत्कार नाही, खुर्च्या गोल. नियम तीन. येणाऱ्या प्रत्येकाने एका संधीची नेमकी माहिती आणायची, शेवटच्या तारखेसह. नोकरी लागलेल्या प्रत्येकाने एका विद्यार्थ्याची वर्षभराची जबाबदारी घ्यायची, एकाचीच, पण पूर्ण. आणि प्रत्येक विद्यार्थ्याची फाईल उघडून वाचायची.

यातून अर्थशास्त्राच्या मुलांसाठी काही गोष्टी स्पष्ट झाल्या.

एक, वाटा एकापेक्षा जास्त आहेत. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससीच घेते, तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. आमच्या निम्म्या मुलांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. त्या पाहुण्याने 'यूपीएससी करा' म्हणून सांगितलं, पण हे त्यानेही सांगितलं नाही! रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्र आणि धोरण संशोधन विभागाची ग्रेड बी भरती वेगळी असते. नाबार्ड आहे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, जे दरवर्षी अर्थसंकल्पाआधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' तयार करतं. नेट-सेट आहे, फेलोशिप आहे. परदेशी जायचं असेल तर केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. आणि संशोधन सहायकाच्या जागा आहेत. त्यांची जाहिरात पेपरात फारशी येत नाही, त्या पत्रातून आणि शिफारशीतून भरल्या जातात.

दोन, आपल्याकडे शिफारस नसेल तर दाखवायला काम हवं. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा, म्हणजे पीएलएफएसचा, मूळ डेटा संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतो. त्यात सामाजिक गटाची नोंद असते. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आपल्या राज्यात नियमित पगाराची नोकरी कुठल्या सामाजिक गटातल्या किती जणांना आहे, यावर दहा पानी टिपण लिहा. ते टिपण म्हणजे तुमचं ओळखपत्र. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

तीन, त्यांच्या कार्यक्रमांना जायचंच. एकट्याने नाही, दोघादोघांनी. समोशांच्या टेबलापाशी एकमेकांशी बोलायला नाही. जाण्याआधी वक्त्याचा एक तरी लेख वाचायचा आणि त्यावर एक प्रश्न तयार ठेवायचा. दोन दिवसांत आभाराचा छोटा मेल पाठवायचा, आपलं टिपण जोडून. वडील काय करतात असं विचारलं तर मान खाली न घालता सांगायचं, "शेतमजूर आहेत. ग्रामीण मजुरीचे दर हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे." संभाषण पुन्हा विषयावर आणायचं. आम्ही याचा सराव करतो, इंग्रजीत सुद्धा. चुकतो, हसतो आणि पुन्हा करतो.

आणि मागणी

सगळी जबाबदारी आमच्या पोरांच्या अंगावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. अन्यायाला 'कौशल्याची कमतरता' म्हणायची सध्या फॅशन आहे. ती आम्हाला मान्य नाही. संस्थांनाही काही करावं लागेल. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना अशा कार्यक्रमांची फी माफ करा. नाव-आडनावाच्या कार्डाऐवजी अभ्यासाचा विषय लिहिलेलं कार्ड द्या. माजी विद्यार्थ्यांची यादी सगळ्या विद्यार्थ्यांना खुली करा. कुठल्या प्रवर्गातल्या किती मुलांना प्लेसमेंट मिळाली हे दरवर्षी जाहीर करा. कॉलेजांतली समान संधी केंद्रं फक्त अर्ज गोळा करण्यापुरती ठेवू नका, प्लेसमेंट सेलच्या बैठकीत त्यांना बसवा. आणि खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आपण सोडलेली नाही. ओळखीवर चालणाऱ्या बाजारात ओळख नसलेल्यांचा हक्क कायद्यानेच सुरक्षित होतो.

आमची ज्युनिअर? तिने ते टिपण लिहिलं, मराठवाड्यातल्या स्त्रियांच्या मजुरीवर. अकरा जणांना मेल केले. आठ जणांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी शुभेच्छा दिल्या. एका प्राध्यापिकेने फोन केला आणि टिपणातली एक चूक दाखवली. तिने चूक दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. आज ती त्यांच्या प्रकल्पावर सहायक आहे, वर्षभराच्या कराराने. पुढे काय होईल माहीत नाही. पण रविवारच्या बैठकीला ती आता समोरच्या बाजूला बसते आणि यंदा नांदेडहून आलेल्या एका मुलाची फाईल तिने स्वतःकडे घेतली आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा एका कार्यक्रमाला गेलो. आम्ही चौघं आणि ती. पुन्हा टेबल, पुन्हा कार्ड, पुन्हा मार्कर. यावेळी पाचही कार्डांवर पूर्ण नावं होती. कुणाला ओळख पटली असेल तर पटू दे. ओळख करून द्यायलाच तर आलो होतो.

जय भीम!